पळपुटं तेल

माणसाने खुशाल गाडी घ्यावी, पण तिचं बॉनेट चारचौघांत उघडू नये. घरातलं भांडण आणि गाडीचं बॉनेट एकदा उघड्यावर आलं, की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्यातला जाणकार होतो. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या सरांना एवढं तरी कळायला हवं होतं. पण सरांचा माणसांवर विश्वास फार. रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात त्यांनी आपल्या वर्षभराच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेल घालायच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचलं आणि, इथेच घात झाला, ते मोठ्याने वाचलं.

"शून्य डब्ल्यू वीस."

गाडी हायब्रिड होती. म्हणजे तिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर असा दोघांचा संसार होता, आणि कुठल्याही टिकलेल्या संसारासारखं एक बोलू लागलं की दुसरं गप्प बसायचं. इंजिनाचं तेल बदलायची वेळ जवळ आली होती. ते सरांना अगदी बिनचूक बदलायचं होतं, कारण पुढच्या महिन्यात त्या गाडीतून दादाला न्यायचं होतं.

दादा म्हणजे सरांचा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने घाटातली बस चालवली आणि बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही, म्हणून घाटापलीकडच्या डेपोत त्याचा सत्कार ठरला होता. नजर अधू झाल्यापासून त्याचं स्वतःचं चालवणं बंद होतं. दादाने आपल्या गाडीतून सत्काराला जावं, एवढी एकच इच्छा सरांच्या मनात घर करून बसली होती. आणि दादा वर्षभरात त्या गाडीत एकदाही बसला नव्हता. थोरल्याने चालवायचं आणि धाकट्याने मागे बसायचं, हा त्यांच्या घरातला सायकलच्या काळापासूनचा कायदा होता. धाकटा साठीला पोचला म्हणून कायदा बदलत नाही. "पाठ अवघडते रे," असं दादा सांगायचा. बसच्या लाकडासारख्या सीटवर हयात घालवलेली पाठ गुबगुबीत सीटवर अवघडते, हे सरांनी निमूटपणे गिळलं होतं.

तर "शून्य डब्ल्यू वीस" हे शब्द आवारात पडले मात्र, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर ब्रश तोंडात धरूनच बाहेर आले. इमारतीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीकडे निघाले होते, ते वळले. आणि रविवारचा म्हणून भावाकडे आलेला दादा हातातला चहाचा कप घेऊन जिना उतरला.

"वीस?" सेक्रेटरी म्हणाले. "सर, तुमच्या पेपरात वीस पडले की तुम्ही नापास करायचात. माझ्या पोराला केलंत."

"अहो, हे मार्क नाहीत."

"आणि सुरुवातच शून्याने! असल्या विद्यार्थ्याला तुम्ही वरच्या वर्गात घातला असतात का, सांगा."

"डब्ल्यू म्हणजे वॉटर असणार," डॉक्टर ब्रशाच्या आडून म्हणाले.

"विंटर!" सर म्हणाले. "हिवाळा! थंड इंजिनात तेल किती चटकन वाहतं, त्याचा हा पहिला आकडा. जेवढा लहान तेवढं चटकन. दुसरा आकडा तेल तापल्यावरचा. ही गाडी घडीघडी इंजिन बंद करते, घडीघडी चालू करते. दर वेळी तेल झटक्यात वर पोचायला हवं, म्हणून कंपनीनेच पातळ तेल सांगितलंय."

हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. कारण तोवर दादाने तेल मोजायची पट्टी उपसून तेलाचा थेंब बोटावर घेतला होता. त्याने तो चोळला, हुंगला, आणि आजाऱ्याची नाडी सोडून द्यावी तशी पट्टी परत जागेवर सोडली.

"हे तेल आहे?" दादा म्हणाला. "अरे, पाणी आहे हे. आमच्या बसला चाळीस लागायचं. बोटाला लावलं तर बोट सोडायचं नाही. ह्या पाण्यावर घाट चढणार तू? अर्ध्या वाटेत इंजिन आवळून बसेल. मी आपला बसने जाईन."

"दादांचं बरोबर आहे," डॉक्टरांनी आगीत तेल ओतलं. ते किती नंबरचं होतं कोण जाणे. "चाळीसला निदान पास तरी होतो माणूस."

शून्याला किंमत असते हे पटवण्यात ज्या माणसाने नोकरी संपवली, त्याच्या दारात शून्याची ही शोभा! सर जेवले, पण काय जेवले ते त्यांना आठवेना. दुपारी ते उठले, बाजारात गेले आणि दोन चिमुकले डबे घेऊन आले. एक शून्य-वीसचा, एक चाळीसचा. दोन्हीतलं थोडं थोडं तेल त्यांनी काचेच्या बाटल्यांत भरलं आणि बाटल्या फ्रीजमध्ये, वर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या.

"अहो, हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"पुरावा आहे."

"मग तो पुराव्याच्या जागी ठेवा. तिथे माझे मटार आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या बैठकीच्या खोलीत जाहीर प्रयोग झाला. डॉक्टर, सेक्रेटरी, दादा आणि वहिनी ओळीने बसले. सरांनी न्हाणीघरातला आरसा काढून सोफ्याला तिरका टेकवला होता. त्याच्या वरच्या कडेवर त्यांनी दोन्ही गार बाटल्यांतलं तेल एकाच वेळी ओतलं. चाळीस नंबरचं तेल सरकारी फाइलसारखं जागच्या जागी बसून राहिलं. शून्य-वीस मात्र सरसर निघालं, आरसा संपला तरी थांबलं नाही आणि सोफ्याखालच्या गालिच्यात शिरलं.

"बघितलंस?" सरांचा आवाज आनंदाने कापत होता. "आता बोल!"

"बघितलं," दादा म्हणाला. "पळून गेलं."

"पळून नाही, पोचलं!"

"अरे, जे आरशावर थांबत नाही, ते इंजिनात काय थांबणार? पळपुटं तेल आहे तुझं. आणि ह्याला बघ, जागा सोडली नाही पठ्ठ्याने. नोकरी करावी तर अशी."

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी वाजवल्या. विज्ञानाने आजवर अनेक घाव सोसले आहेत, पण यशस्वी प्रयोगातून असा उलटा निकाल काढणारे परीक्षक त्याला क्वचितच भेटले असतील. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "मला बाई भाऊजींचं पटलं." पण दादासमोर वहिनींना मताधिकार नव्हता, निदान तोपर्यंत नव्हता. बायको नुसती गालिच्याकडे बघत होती, ते सरांना जास्त लागलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि ते पुसायला साबणाचं पाणीही सरांनाच आणावं लागलं.

आता तेल कोणतं हा वाद एकीकडे, तोवर ते कधी बदलायचं याचा दुसरा निघाला. डॉक्टरांचं म्हणणं, इंजिन अर्धा वेळ झोपा काढतं, तेव्हा तेल दुप्पट काळ चालायला हवं. सेक्रेटरींचं म्हणणं, सारखी झोपमोड झालेला माणूस लवकर थकतो, तेव्हा तेल निम्म्या काळातच बदलावं. दोन्ही मतं तितकीच भक्कम होती, कारण दोन्हीला आधार नव्हता. सरांनी ठरवलं, आपण मोजू. इंजिन प्रत्यक्षात किती वेळ चालतं ते घड्याळ लावून काढू.

मोजणीचं काम बायकोकडे आलं. पण इंजिन इतकं हळू कुजबुजायचं की ते चालू आहे की बंद हेच कळेना. शेवटी ती पुढच्या सीटवर वाकून, डॅशबोर्डला कान लावून, एका हातात घड्याळ धरून ओरडू लागली. "चालू! ... बंद! ... चालू! ... अहो, हळू चालवा, बंद!" काच उघडी होती. चौकात शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याने घाबरून आपली स्कूटर बंद केली, मग चालू केली, मग पुन्हा बंद केली. त्याच्या मागच्यांनीही तेच केलं. वाहतूक पोलीस शिट्टी थांबवून खिडकीशी आला आणि नम्रपणे म्हणाला, "काकू, इथले सिग्नल मी देतो."

मोजणी तिथेच संपली. बायकोने घड्याळ सरांच्या मांडीवर ठेवलं आणि घर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. सरांनी घरी येऊन, गाडी थंडावल्यावर सहज म्हणून तेलाची पट्टी बघितली, आणि तेल वाढलेलं होतं. कमी झालेलं तेल जगाने पाहिलं आहे. सरांच्या गाडीत ते वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं.

"विहीर लागली की काय, सर?" सेक्रेटरींनी विचारलं. "इमारतीलाही वाटा ठेवा."

"पाणी शिरलं," दादाने फोनवर निदान केलं. "सांगत होतो मी."

त्या दिवशी सर खोलीत बसून विचार करत राहिले, आणि मग, अवघड उदाहरण एकदम सुटावं तसं ते कोडं सुटलं. वर्षभर गाडी गेली कुठे? भाजीबाजार, वाचनालय, बायकोच्या बहिणीचं घर. सगळ्या जवळच्या फेऱ्या. त्यातही निम्म्या विजेवर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. मग न जळलेलं पेट्रोल आणि गार इंजिनातली दमट वाफ तेलात उतरणार, नाही तर जाणार कुठे? लांब पल्ला असता तर ते सगळं तापून उडून गेलं असतं. म्हणजे ह्या तेलाचं वय किलोमीटरवर मोजायचंच नाही, ते कॅलेंडरवर मोजायचं! सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. तिने कणीक मळता मळता पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." सरांना इतका अभिमान वाटला की त्यांनी तिचं भांड्यांचं कपाट स्वतःहून आवरून टाकलं, आणि पुढे आठवडाभर तिला झारा सापडला नाही.

पण घरात बरोबर असणं वेगळं आणि सर्व्हिस सेंटरमध्ये बरोबर असणं वेगळं. तिथे काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून मान हलवली.

"सर, तुमचे किलोमीटर झाले नाहीत अजून."

"वर्ष झालंय ना? किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते, असं तुमच्याच कंपनीचं म्हणणं आहे."

"हो सर, पण सिस्टीम घेत नाही. सिस्टीमला किलोमीटरच आधी लागतात."

"किंवा ह्या शब्दाचा अर्थ..."

"तुमची काही तक्रार आहे का सर? तक्रार असेल तर घेईल ती. तेल कमी होतंय का?"

"वाढतंय."

मुलीने पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत बघितली. "वाढतंय असा पर्याय नाहीये, सर. कमी होतंय टाकू का? तेलाचंच आहे, आत सांगू आपण."

सर हो म्हणाले. गणितात उणे-अधिकची चूक ज्याने कुणाला कधी माफ केली नाही, त्या माणसाने त्या थंडगार हॉलमध्ये अधिकच्या जागी उणे चालवून घेतलं. मग ते काचेच्या भिंतीआड डोळ्यांत तेल घालून बसले. पलीकडे मेकॅनिकने कागद वाचला. त्यावर तेल कमी होतंय असं लिहिलेलं होतं. तो कर्तव्यदक्ष माणूस होता. त्याने डबा उचलला आणि आधीच काठोकाठ भरलेल्या इंजिनात आणखी तेल ओतायला सुरुवात केली.

सर धावले. काचेचं दार कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नव्हतं. सरांनी काच बडवली, दोन्ही हात हलवले, 'नको, नको' म्हणून ओठ फाकवले. मेकॅनिकने वर बघितलं, त्याला हा ग्राहक फार प्रेमळ वाटला, आणि त्यानेही हसून हात हलवला. ओतणं चालूच होतं. हॉलमधल्या लोकांनी मासिकं खाली ठेवली. एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

अखेर मॅनेजर आला. तो चांगला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, "सर, चूक आमची. सगळं तेल काढून नवीन भरतो. फक्त शून्य-वीस संपलंय, यायला वेळ लागेल. चाळीस घालू? लगेच होईल. पुष्कळ लोक मागून घेतात. जाड तेल, मजबूत इंजिन."

सरांचं 'हो' ओठांपर्यंत आलं.

चाळीस! चाळीस घातलं की सगळे प्रश्न सुटत होते. डॉक्टर खूश, सेक्रेटरी खूश. दादा येऊन पट्टी उपसेल, थेंब बोटावर चोळेल, बोट चिकटेल, आणि म्हणेल, चल, बसतो. ज्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, ते आयतं समोर आलं होतं. सरांच्या डोळ्यांपुढे दादा शेजारच्या सीटवर बसलेला दिसला. त्यांना खरंच मोह झाला.

पण मग दादा कुणाच्या भरवशावर बसणार? चाळीसच्या. सरांच्या नव्हे.

"वीस," सर म्हणाले. "शून्य डब्ल्यू वीस. येईपर्यंत गाडी इथे राहू दे. मी चालत जातो."

ते खरंच चालत गेले. घर लांब होतं, ऊन होतं, आणि काच बडवून हात दुखत होते. पण इतकं ताठ मानेने ते निवृत्तीच्या दिवशीही शाळेतून निघाले नव्हते.

गाडी आली. सरांनी दादाला फोन करून स्वच्छ सांगितलं, "वीसच घातलंय." दादा म्हणाला, "बसचं तिकीट काढतो."

सत्काराच्या दिवशी पहाटे सर आणि बायको दादाच्या दारात गाडी घेऊन उभे राहिले. दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन बसथांब्याकडे निघाला होता. वहिनी मागून आल्या, त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि जावेशेजारी जाऊन बसल्या.

"अगं, आपल्याला बसने जायचंय," दादा म्हणाला.

"तुम्ही या बसने. जन्मभर तुमच्या बसमध्ये उभी राहून आले मी. आज भाऊजींच्या गाडीत बसून जाणार." आणि वहिनींनी दार लावून घेतलं.

दादा रस्त्यावर एकटाच उभा राहिला. मग तो घरात गेला आणि चाळीस नंबर तेलाचा डबा घेऊन बाहेर आला. "वाटेत लागेल," असं म्हणून डबा मांडीवर घेऊन तो पुढच्या सीटवर बसला. सरांनी गाडी सुरू केली.

चढण लागली तशी दादाची मान वाकडी झाली. तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. "पुसट येतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकसारखा येतोय." वरच्या वळणाजवळ एक ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, इंजिनं तापत होती, दोन गाड्या वाफा सोडत कडेला लागल्या होत्या. सरांची गाडी मात्र थांबायची, गप्प व्हायची, पुन्हा अलगद निघायची. काही वेळाने दादाने मांडीवरचा डबा पायाशी ठेवला. आणखी काही वेळाने त्याने त्यावर पाय ठेवला.

उतार लागला आणि इंजिन पूर्ण बंद झालं. "बंद पडली!" दादा ओरडला आणि त्याने पाय दाणकन डब्यावर दाबला, जणू तोच ब्रेक होता.

"बंद पडली नाही, दादा. उतारावर इंजिन लागत नाही तिला. चाकंच बॅटरी भरतायत. ब्रेक माझ्याकडे आहे."

दादाने धाकट्याच्या पायाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, समोरच्या वळणाकडे बघितलं. सरांनी वळण घेतलं. दादा काही बोलला नाही. घाटात बस चालवलेला माणूस ज्या वळणावर काही बोलत नाही, ते वळण बरोबर घेतलेलं असतं.

डेपोत ते वेळेवर पोचले. दादाला पदक मिळालं. बोलायला सांगितल्यावर दादा म्हणाला, "बस चांगली होती," आणि खाली बसला. सरांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. आपला भाऊ, त्यांना वाटत होतं, हा आपला भाऊ.

निघायच्या वेळी जुने ड्रायव्हर गाडीभोवती जमले. एकाने विचारलं, "तेल कुठलं खाते रे ही?"

सर पुढे होणार, तोच दादा म्हणाला, "शून्य-वीस."

"वीस? दादा, म्हातारपणी पाण्यावर आलास का?"

सगळे हसले. दादा हसला नाही.

"पाणी नाही ते," दादा म्हणाला. "अरे, हिचं इंजिन घडीघडी बंद होतं, घडीघडी चालू होतं. दर वेळी तेल झटक्यात वर पोचायला हवं. तुमचं चाळीस निघेपर्यंत हिचं काम झालेलं असतं. आणि पळतं म्हणून नावं ठेवू नका. पोचण्यासाठी पळतं ते."

सर ऐकतच राहिले. त्या रविवारपासूनचा प्रत्येक शब्द दादाने ऐकला होता. ऐकून कुठे ठेवला होता देव जाणे.

"आणि बदलायचं कधी?" दुसऱ्याने विचारलं. "किलोमीटरवर?"

साऱ्या घाटाला ज्याने आयुष्यभर उत्तरं दिली, तो त्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "ते मला नका विचारू. मी नुसता बसून आलो. गाडी ह्याची आहे, चालवली ह्याने. आमचा धाकटा. ह्यातलं त्याला कळतं."

सगळे सरांकडे वळले. इतकी वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या सरांचा आवाज नेमका तेव्हाच गेला. "म्हणजे... त्याचं असं आहे..." ते पुटपुटले.

"मोठ्याने सांग," दादा म्हणाला. "मागच्यांना ऐकू येत नाही."

आणि सर मोठ्याने सांगू लागले.